तळ ओळखा, मग गरी बांधा

केरीच्या वाळूत चालणारी गरी नार्व्याच्या चिखलात चालत नाही आणि हरमलच्या खडकांत तर ती पहिल्याच फेकीत अडकून तुटते. नव्याने गरवायला लागलेली मंडळी बाजारातून तयार बांधलेली गरी आणतात, चार ठिकाणी तीच वापरून बघतात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परतताना नशिबाला बोल लावतात. दोष नशिबाचा नसतो. तळाची गरी एकदा बांधून कायमची ठेवायची वस्तूच नव्हे. पाण्याखालची जमीन कशी आहे आणि त्या घडीला पाण्याची ओढ किती आहे, हे पाहून ती बदलावी लागते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत तर वाळू, खडक, कालवांचे थर, कांदळ आणि गाळ हे सगळे तळ थोड्या अंतरात भेटतात. त्यामुळे बांधणी शिकायला आणि तिच्यात फेरफार करायला याहून चांगली शाळा नाही.

बांधणी करताना तीनच गोष्टी ठरवायच्या असतात. वजन किती आणि कोणत्या आकाराचे, गरी वजनापासून किती अंतरावर, आणि अडकलीच तर आधी काय तुटावे. या लेखातले बाकी सगळे या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत.

तळ कसा ओळखायचा

सर्वांत सोपा उपाय म्हणजे अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण सुकतीला जागेवर जाऊन डोळ्यांनी बघणे. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे जाते. एरवी बुडालेले खडक, कालवांचे थर, जुने खुंट आणि वाळूतल्या खळग्या तेव्हा उघड्या पडतात. फोटो काढून ठेवा. भरतीत त्याच जागी उभे राहिलात की गरी कुठे टाकायची नाही हे आधीच माहीत असते.

जिथे तळ कधीच उघडा पडत नाही तिथे पहिली फेक गरीशिवाय करा. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, ३०-४० ग्रॅमचे नुसते शिसे बांधून टाका, तळाला टेकू द्या आणि रॉड आडवा धरून सावकाश ओढा. तंगूस तर्जनीवर असू द्या, म्हणजे तळ बोटाला कळतो. वाळूवर शिसे एकसारखे घसरत येते आणि बोटाला बारीक करकर लागते. चिखलात ते आधी चिकटून बसते, जोर लावला की एकदम सुटते आणि पुन्हा जड होते. खडकावर किंवा कालवांवर टक्‌-टक्‌ ठोके बसतात आणि मधेच ते अडते. शिशाच्या बुडाला खोलगट खाच असेल तर तिच्यात साबण दाबून भरा. वाळूचे कण, काळा गाळ किंवा शिंपल्यांचा चुरा त्याला चिकटून वर येतो. जुने दर्यावर्दी खोली मोजायच्या शिशाला चरबी लावून तळाचा नमुना असाच काढत.

सामान थोडे, पण नेमके

रिळावर ०.३५ ते ०.४० मि.मी. जाडीचा तंगूस पुरेसा आहे. बांधणीसाठी मात्र ०.५० ते ०.६० मि.मी.चा जाड तंगूस घ्या, कारण तळाशी घासायचे काम त्यालाच करायचे असते. विणलेली ब्रेडची दोरी बारीक आणि ताकदवान असली तरी कालवांच्या धारेवर ती चटकन कापली जाते. रिळावर ब्रेड असेल तर पुढे दोन-तीन मीटर तंगूस जोडल्याशिवाय खाडीत टाकू नका.

गऱ्यांच्या नंबरात नवखे गोंधळतात. साध्या नंबरांत आकडा वाढला की गरी लहान होते, म्हणजे १० नंबरची गरी ४ नंबरपेक्षा बारीक. पुढे शून्य लागले की उलट होते, म्हणजे ३/० ही १/० पेक्षा मोठी. मुडदुशी आणि काळुंदरीसाठी ८ ते १० नंबर, शिंगाळा आणि लहान तांबोशीसाठी १ ते १/०, आणि चोणाकासाठी ३/० ते ५/० जवळ ठेवा. याशिवाय काही फिरक्या, दोन-चार प्लास्टिकचे मणी, बारीक शिवणदोरा, पक्कड आणि कात्री एवढे पुरते.

दोनच गाठी शिका

पहिली गाठ गरी आणि फिरकी बांधायची. तंगुसाचे टोक गरीच्या डोळ्यातून काढून वीतभर मागे आणा आणि मुख्य पदराला समांतर धरा. टोक परत गरीकडे वळवून एक फास करा. आता तेच टोक दोन्ही पदरांभोवती, फासाच्या आतून, पाच वेळा गुंडाळा. थुंकी लावून ओले करा, टोक ओढून वेढे आवळा आणि मग मुख्य पदर ओढून गाठ डोळ्याशी सरकवा. ओले करणे विसरू नका. कोरडा तंगूस आवळताना घर्षणाने तापतो आणि गाठीतच कमकुवत होतो. मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा अशा कोरड्या गाठीवरून.

दुसरी गाठ मधल्या फासाची. तिच्यामुळे तंगूस न कापता त्याच्या मधोमध काटकोनात उभा राहणारा फास तयार होतो. जिथे फास हवा तिथे तळहाताएवढे वर्तुळ करा. दोन पदर जिथे एकमेकांवर येतात तिथे त्यांना सहा-सात पीळ द्या. पिळांच्या बरोबर मध्ये बोटाने फट करा, वर्तुळाचा खालचा भाग त्या फटीतून वर काढा आणि तो दुसऱ्या बोटात अडकवून धरा. ओले करून तंगुसाची दोन्ही टोके दोन बाजूंना सावकाश ओढा. पीळ दोन्हीकडून सारखे बसले आणि फास ताठ बाहेर आला की गाठ जमली. वेढे एकमेकांवर चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. घरी बसून हात बसेपर्यंत बांधा, खडकावर वाऱ्यात शिकायला जाऊ नका.

पहिली बांधणी: वजन खाली, गऱ्या वर

खडक, कालवे किंवा पुलाजवळचा अवघड तळ असेल तर ही बांधणी. जाड तंगूस सुमारे दीड मीटर घ्या. वरच्या टोकाला फिरकी बांधा. फिरकीपासून हातभर खाली मधल्या फासाची एक गाठ आणि तिच्या खाली दोन वितींवर दुसरी. दोन फासांत एवढे अंतर हवे की वरची गरी खालच्या फासात गुंतणार नाही. सर्वांत खालच्या टोकाला एक लहान फास ठेवा, तिथे वजन लागेल.

गरी थेट फासातही घालता येते. फास चिमटून गरीच्या डोळ्यातून काढायचा आणि गरीवरूनच उलटा ओढायचा. पण मुडदुशीसारखा जपून खाणारा मासा असेल तर फासाला वीतभर बारीक तंगुसाची फांदी जोडून तिच्या टोकाला गरी बांधा.

आता महत्त्वाचा भाग. वजन थेट बांधू नका. ०.२५ मि.मी.चा कमजोर तंगूस वीतभर घेऊन त्याने वजन खालच्या फासाला जोडा. वजन खडकाच्या फटीत बसले की जोर लावल्यावर हा बारीक तुकडा आधी तुटतो. गऱ्या, फिरकी आणि गरीला लागलेला मासासुद्धा हाती येतो, जाते ते फक्त वजन. याची एक अट आहे. अशी बांधणी जोरात फेकायची नाही. ताकदीने झटका दिला तर तुकडा हवेतच तुटतो आणि शिसे कुणाच्याही डोक्यात बसू शकते. खडकावरून ती खालून हलकेच झुलवून टाका. आपल्याकडे खडकाजवळचा मासा पायापासून फार लांब नसतोच.

जिथे वजन जाणारच आहे तिथे शिसे वापरू नये असे माझे ठाम मत आहे. शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये शिशाचे तुकडे गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग, गंजलेले नट, लोखंडी सळीचे तुकडे हे आपल्या किनाऱ्यावर कितीतरी जण वापरतात. स्वस्त पडते आणि काम तेच होते. प्लग वापरण्याआधी त्याला लागलेले तेल पुसून काढा, एवढेच.

दुसरी बांधणी: सरकते वजन

वाळू आणि चिखल यांसाठी ही बांधणी. मुख्य तंगूस भोक असलेल्या शिशातून ओवा, त्यामागे एक मणी ओवा आणि मग फिरकी बांधा. मणी शिशाचा मार थेट गाठीवर बसू देत नाही. फिरकीच्या दुसऱ्या बाजूला दीड-दोन हातांची फांदी आणि तिच्या टोकाला गरी. मासा आमिष तोंडात घेऊन निघाला की तंगूस शिशातून सरकत जातो आणि त्याला वजन जाणवत नाही. संशयी माशासाठी याहून चांगली रचना नाही.

तोटा एकच. पाण्याची ओढ जास्त असली की लांब फांदी गरगर फिरून मुख्य तंगुसाभोवती गुंडाळते. ओढ वाढली की फांदी निम्मी करा, पाणी थांबले की परत लांब करा.

केरी ते मोरजी: वाळूचा पट्टा

केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर वाळूतली मुडदुशी आणि लेपे हे तळाचे मासे. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की सरकत्या वजनाची बांधणी, ३०-५० ग्रॅम शिसे, बारीक फांदी आणि ८-१० नंबरची गरी घ्या. आमिष कोळंबीचा सोललेला तुकडा, गरीच्या वाकाएवढाच. लांब फेकण्याचा सोस नको. लाट जिथे फुटते त्याच्या मागच्या खळगीत हे मासे चरतात. पाणी कमरेखाली असेल तेव्हा पाय उचलून न टाकता सरकवत चला. वाळूत दडलेले पाकट पायाच्या चाहुलीने निघून जाते, अंगावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा मारते.

हरमलच्या आणि केरीच्या खडकांशी तांबोशी आणि गोबरा असतात. आमिष लागताच हे मासे कपारीत शिरतात, म्हणून इथे पहिली बांधणी, एकच गरी आणि ०.६० मि.मी.चा तंगूस. जून ते सप्टेंबर या खडकांवर पाऊल ठेवू नका. पावसाळी समुद्राची एक मोठी लाट माणसाला सावरायला वेळ देत नाही.

मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. मोरजीच्या तेंबवाड्यावर १९९०च्या दशकाच्या शेवटापासून त्यांची राखण होते आहे. हिवाळ्यातल्या रात्री राखीव पट्ट्यात रॉड रोवू नका, प्रखर बॅटरी लावू नका. तुटलेला तंगूस वाळूत टाकणे तर कुठल्याच किनाऱ्यावर क्षम्य नाही.

तेरेखोल आणि शापोरा: खाडीचा तळ

केरी-तेरेखोल फेरीच्या आसपास, किरणपाणीकडे, तसेच चोपडे-शिवोली आणि कोलवाळच्या पट्ट्यात तळ मिश्र आहे. मधल्या धारेत वाळू, कडेला गाळ, पुलांच्या खांबांशी आणि जुन्या धक्क्यांशी कालवे. फेरीच्या वाटेत आणि पुलाच्या वाहत्या रस्त्यावर उभे राहू नका, धक्का किंवा काठ पुरे.

खाडीचा राजा चोणाक. तो कांदळाच्या मुळांशी, खांबांच्या सावलीत, ओढ मंदावलेल्या जागी दबा धरतो. त्याला जिवंत कोळंबी किंवा लहान शेवटा लावा. कोळंबीच्या डोक्यात काळपट ठिपका दिसतो, तो टाळून पुढच्या काट्याच्या मुळाशी गरी घातली तर ती बराच वेळ जिवंत राहते. चोणाकाच्या कल्ल्यांवरचे झाकण सुरीसारखे धारदार असते, म्हणून फांदी ०.७० ते ०.८० मि.मी.चीच हवी. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे चोणाक अंडी देणाऱ्या माद्या असतात. मोठा मासा लागला तर फोटो काढून सोडून देण्याचा विचार जरूर करा.

शिंगाळे आमिष कुरतडून हैराण करू लागले तर जागा सोडण्याआधी बांधणी बदला. खालचा फास काढून टाका, गरी तळापासून तीन-चार विती वर न्या आणि कोळंबीऐवजी कुर्लीचा तुकडा शिवणदोऱ्याने बांधून लावा. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांत विष असते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा, वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टरांकडे जा. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. तोंडात गोट्यांसारखी अंडी दिसली तर त्याला तसाच पाण्यात सोडा.

डिचोली: मांडवीचा गाळ

नार्वे, सारमानस, आमोणे या काठांवर मांडवीचा तळ बहुतेक गाळाचा. खाणींच्या काळात इथून खनिजाच्या बार्जेस चालत आणि पावसात डोंगरावरची लाल माती आजही नदीत उतरते. या मऊ थरात गोल शिसे रुतून बसते आणि आमिषही सोबत बुडते, मग माशाला ते सापडणार कसे? इथे वजन चपटे हवे, पसरट शिसे किंवा मोठा लोखंडी वायसर. सरकत्या बांधणीत फांदीवर, गरीपासून वीतभर अलीकडे, थर्माकोलचा वाटाण्याएवढा तुकडा ओवून दोन्हीकडे गाठी मारा. आमिष गाळाच्या चार बोटे वर तरंगत राहते. तुकडा घट्ट बसवा आणि घरी परत आणा.

पावसाळ्यात इथले पाणी जवळजवळ गोडे होते आणि खारे मासे मुखाकडे सरकतात. उन्हाळ्यात खारे पाणी वर चढते, तेव्हा काळुंदर, तांबोशी, शिंगाळा परत येतात. म्हणून एकाच धक्क्यावर ऋतूप्रमाणे गरीचा नंबर बदलावा लागतो.

खाजन शेतीच्या मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, सुकतीला मासा गोळा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. त्या माणसाला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नका. पलीकडे चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे तर मुळीच नाही. मांडवीच्या कांदळात मगरी आहेत, म्हणून संध्याकाळी पाण्यात उतरून उभे राहू नका आणि मासे साफ केलेली घाण काठावर टाकू नका.

भरती, सुकती आणि वजन

वजनाचा नियम एका वाक्यात मावतो. तळाला टिकेल असे कमीत कमी वजन. गरी टाका, तंगूस ताठ करून बोटावर धरा. सतत सरकण्याचे ठोके येत असतील तर वजन कमी आहे, २० ग्रॅम वाढवा. अजिबात हालचाल नसेल आणि ओढ मंद असेल तर हलके करून बघा. हळूहळू सरकणारी गरी जास्त जागा धुंडाळते. उधाणाच्या मध्यावर खाडीच्या मुखाशी ८०-१०० ग्रॅमही कमी पडते, तर भांगाच्या अष्टमीला त्याच जागी ३० ग्रॅम पुरते.

कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी लागते आणि नदीत जसजसे वर जावे तसतशी उशिरा पोचते. आपल्या धक्क्यावरचा फरक वहीत टिपून ठेवा. पाणी वळण्याच्या आधीचा आणि नंतरचा तास सर्वांत चांगला. तेव्हा ओढ कमी असते, फांदी लांब करता येते आणि मासाही हिंडतो.

जाताना

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. काठावरून गरी टाकणारा त्या बंदीत येत नाही, पण ते दिवस माशांच्या विणीचे आहेत हे त्यालाही लागू आहे. त्या काळात जेवणापुरते घ्या. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर लहान मासा इजा न होता सोडता येतो आणि स्वतःच्या बोटात शिरलेली गरीही सहज निघते. तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात घारी अडकतात, पाणमांजरे अडकतात. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणा आणि बारीक कातरून कचऱ्यात टाका.

येत्या भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असताना, दोन्ही बांधण्या घरून बांधून न्या. एकाच जागी आळीपाळीने टाका, कुठल्या तळाला काय चालले ते लिहून ठेवा आणि शेजारी नवखा उभा असेल तर त्याला मधल्या फासाची गाठ शिकवा. ही विद्या आपल्याकडे हातातून हातातच गेली आहे, ती पुढे देणे हे आपले काम आहे.